पावसाळ्याचे चार महिने मोटरसायकल उभी ठेवायची असेल तर

मोटरसायकल बरेच दिवस उभी ठेवण्याबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं, ते बहुतेक थंड मुलुखातल्या लोकांनी सांगितलेलं असतं. तिकडे बर्फ पडायला लागला की गाडी गॅरेजात जाते आणि वसंतात बाहेर येते. त्यांना भीती असते गोठण्याची. रेडिएटरमधलं पाणी गोठून फुगेल, उतरलेली बॅटरी गोठून फुटेल, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खाईल. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे गाडी चालवायचा खरा मोसम. ठाण्या-नवी मुंबईतली गाडी उभी राहते ती जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत गोठणं नसतं, पण बाकीचं सगळं असतं, मीठसुद्धा. फरक इतकाच की ते रस्त्यावरून येत नाही, खाडीवरून हवेतून येतं.

हा लेख पहिल्यांदाच गाडी उभी ठेवणाऱ्यांसाठी आहे. पावसात रोजच्या कामाला लोकल, टीएमटी-एनएमएमटीची बस किंवा घरातली स्कूटर वापरायची आणि मोठी गाडी दसऱ्यापर्यंत झाकून ठेवायची, असं ठरवणारे बरेच जण आहेत. कुणी बोटीवर जातं, कुणाला कंपनी सहा महिने परदेशी पाठवते, कुणी लावणीपासून गणपतीपर्यंत गावीच राहतं. नंबर प्लेट एमएच-०४ असो की एमएच-४३, कामं सारखीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. उभ्या गाडीचं नुकसान अंगावर पडणाऱ्या पावसाने होतं त्याहून जास्त आजूबाजूच्या दमट हवेने होतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. ही ओल टाकीत, सायलेन्सरमध्ये, वायरिंगच्या कपलरमध्ये, सीटच्या स्पंजात शिरते आणि तिथेच राहते. म्हणून गाडी आधी पूर्ण कोरडी करायची आणि मग ती कोरडी राहील इतकी हवा तिच्याभोवती खेळती ठेवायची. गाडी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून निश्चिंत होणारा माणूस नेमकं उलटं करत असतो.

आधी जागा

बेसमेंट पार्किंग असेल तर शक्यतो तिथे ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी ठाणे-कल्याण पट्ट्यातही तळमजले बुडाले होते. इतका पाऊस दरवर्षी होत नाही, पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की खाडीलगतच्या सखल भागात पाणी ओसरायला जागा उरत नाही. बेसमेंटचा उपसा पंप विजेवर चालतो, आणि वीज जाते ती अशाच रात्री.

स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली जागा, सगळ्यात चांगली. मात्र तिथेही कोपरा पारखून घ्या. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे त्या बाजूची उघडी कड टाळा. गच्चीवरून उतरणारे पावसाच्या पाण्याचे पाइप आणि गटाराची चेंबर यांच्यापासून लांब राहा. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. सोसायटीच्या ज्या खोलीत सफाईचं सामान असतं, तिथे अ‍ॅसिडच्या बाटल्या आणि ब्लीचिंग पावडरची पोती असतात. त्यांच्या वाफेने लोखंड आणि क्रोम वेगाने गंजतं. त्या दाराशेजारची जागा रिकामी दिसली तरी घेऊ नका.

एकदा खाली उतरून सोसायटीच्या सेक्रेटरींशी आणि वॉचमनकाकांशी बोला. गणपतीचा मांडव बऱ्याच सोसायट्यांमध्ये स्टिल्टमध्येच पडतो आणि त्यासाठी गाड्या हलवल्या जातात. तुम्ही गावी असाल, हँडल लॉक असेल, तर चार जण मिळून गाडी उचलून सरकवतील, आणि तेव्हाच इंडिकेटर तुटतात, साइड स्टँड वाकतो. मांडव कुठे येणार ते आधीच विचारून घ्या आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.

गाडी उघड्यावर, रस्त्याकडेलाच ठेवावी लागणार असेल तर चार महिने झाकून ठेवण्यापेक्षा ती चालती ठेवणं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. किंवा मित्राच्या सोसायटीत जागा बघा.

सर्व्हिसिंग, धुणं आणि चेन

आपल्याकडे मोसमी पाऊस साधारण १० जूनच्या आसपास पोहोचतो, पण वळवाच्या सरी त्याआधीच येतात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात काम संपवायचं. जूनमध्ये गॅरेजवाल्यांकडे ओल्या प्लगच्या आणि ब्रेकच्या गाड्यांची रांग लागते.

पहिलं काम इंजिन ऑइल बदलण्याचं. बरेच जण म्हणतात, गाडी उभीच राहणार आहे, ऑइल गाडी बाहेर काढल्यावर बदलू. तसं करू नका. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेली ओल आणि आम्लं मिसळलेली असतात. चालत्या इंजिनात ती निभावून जातात. उभ्या इंजिनात ती चार महिने बेअरिंगला आणि गियरला चिकटून बसतात. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं ताजं ऑइल आणि नवीन फिल्टर घालून ठेवा. इंजिन लिक्विड कूल्ड असेल तर कूलंट बघा. इथे काही गोठत नाही म्हणून नुसतं पाणी घालून चालवणारे लोक आहेत, पण कूलंटमधली रसायनं गंजही थांबवतात आणि आपल्याला ती त्यासाठीच हवीत. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर तेही आत्ताच बदलून घ्या. ते हवेतली ओल शोषतं, आणि ती ओल कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनला आतून गंज चढवते.

मग गाडी धुवा. इंजिन थंड असताना, साध्या नळाच्या धारेने, शाम्पूने. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने धुवायची असेल तर चाकांची बेअरिंग, हँडलखालची वायरिंग, स्पीडोमीटर आणि सायलेन्सरचं तोंड यांच्यावर धार मारू देऊ नका. मडगार्डच्या आतला चिखल बोटाने खरवडून काढा. तो सुकलेला दिसतो, पण पावसाळ्यात हवेतली ओल धरून ठेवतो आणि पत्रा बरोबर तिथूनच फुटतो.

चेन असलेल्या गाडीला इथे थोडा जास्त वेळ द्या. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवत चेन साफ करायची. इंजिन चालू ठेवून, गियरमध्ये टाकून चेन साफ करू नका. अशात बोटं तुटल्याची उदाहरणं खूप आहेत. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, मग चेन क्लीनरचा स्प्रे घ्या. पेट्रोल वापरू नका, ओ-रिंगची चेन असेल तर त्यातल्या रबराच्या कड्या पेट्रोलने कडक होतात. मऊ ब्रशने घासा, कोरड्या फडक्याने पुसा, आणि गाडी थोडी चालवून चेन कोमट झाल्यावर चेन ल्यूब मारा. ९० नंबरचं गियर ऑइलही चालतं, फक्त जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर ते टायरवर ओघळतं. गॅरेजमधलं काळं जळकं ऑइल कुणी फुकट लावून देत असेल तरी नको म्हणा. त्यात इंजिन झिजून आलेले कण असतात.

शेवटची फेरी आणि पेट्रोल

धुतलेली गाडी तशीच झाकायची नाही. ज्या दिवशी ऊन असेल त्या दिवशी ती किमान अर्धा तास सलग चालवा. ठाणेकरांनी सकाळी लवकर निघून घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत जाऊन यावं, नवी मुंबईकरांनी पाम बीच रोडने वाशीहून बेलापूर गाठावं. सिग्नलला थांबत केलेली पाच किलोमीटरची फेरी इथे उपयोगाची नाही. सायलेन्सर शेवटच्या टोकापर्यंत तापला पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. सायलेन्सर थंड असेल तर ती वाफ आतच पाणी होऊन बसते आणि पत्र्याला आतून कुजवते. चांगला तापलेला सायलेन्सर ती बाहेर फेकतो. या फेरीत ताजं ऑइलही सगळीकडे पोहोचतं आणि धुताना अडकलेलं पाणी उडून जातं.

परत येताना घराजवळच्या पंपावर टाकी भरा. टाकी रिकामी ठेवावी की भरलेली, यावर गॅरेजागणिक वेगळं मत ऐकायला मिळेल. आपल्या हवेत लोखंडी टाकी भरलेलीच हवी. रिकाम्या टाकीत हवा असते, त्या हवेत ओल असते, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने ती ओल आतल्या पत्र्यावर दंव धरते. टाकीचा गंज पुढे फिल्टरमध्ये, इंजेक्टरमध्ये जातो आणि तो खर्च मोठा असतो. फक्त अगदी तोंडापर्यंत भरू नका, गळ्याच्या पट्टीखाली थोडी जागा सोडा. उन्हाने पेट्रोल फुगतं.

आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच. म्हणून टाकी भरलेली, झाकण घट्ट, आणि शक्य असेल तर पेट्रोल भरण्याआधी टाकीत फ्युएल स्टॅबिलायझर. बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला आणि नंतर दहा मिनिटं गाडी चालवा, म्हणजे ते पाइप आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. गाडी जुनी असेल तर रबरी पेट्रोल पाइपाला बोटाने दाबून बघा. चिरा दिसल्या किंवा तो फुगून मऊ पडला असेल तर बदलून घ्या.

टाकीच्या झाकणाभोवती एक खोबण असते आणि तिथलं पाणी खाली वाहून जावं म्हणून एक बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की खोबणीत साचलेलं पाणी झाकणाच्या रबरावरून थेट टाकीत झिरपतं. आपल्याकडे ‘पेट्रोलमध्ये पाणी आलं’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच इथूनच सुरू होतात. पातळ तार घालून ते भोक मोकळं करा.

कार्बोरेटरची गाडी असेल तर घरी आल्यावर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं, त्याने बारीक जेट बुजतात. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्यावर हा प्रयोग करू नका, कारण त्यांचा पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

बॅटरी

गाडी काढायच्या दिवशी सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून हे नीट वाचा.

किल्ली बंद असली तरी आजच्या गाडीत ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), घड्याळ, कुणाच्या गाडीत अलार्म किंवा जीपीएस ट्रॅकर थोडी थोडी वीज खातच असतात. शिवाय बॅटरी स्वतःहूनही उतरते, आणि उकाड्यात लवकर उतरते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो. त्यानंतर कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी राहत नाही. महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी काढून घरात ठेवणं उत्तम.

काढताना आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर, मग पॉझिटिव्ह, लाल. लावताना उलट. आधी लाल, शेवटी काळी. हा क्रम पाळला नाही आणि पाना लाल टर्मिनलवर असताना चासीला टेकला, तर ठिणगी उडते. टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी जमली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा आणि व्हॅसलिनचा हलका हात फिरवा. पाण्याची जुनी बॅटरी असेल तर दोन रेषांच्या मध्ये येईल इतकंच डिस्टिल्ड वॉटर घाला. सीलबंद बॅटरी उघडायची नसते.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास शांत ठेवून मल्टिमीटरने मोजली तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली आली की चार्ज करायची वेळ झाली. १२ च्या खाली बराच काळ राहू दिली तर तिचं आयुष्य संपत आलं असं समजा. घरासाठी दुचाकीचा छोटा ऑटोमॅटिक चार्जर घ्या. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या एक दशांशाच्या आसपास असावा. म्हणजे ८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.८ अँपिअर. गॅरेजातल्या चारचाकीच्या मोठ्या चार्जरवर तासाभरात ‘फुल’ करून दिलेली छोटी बॅटरी आतून तापते. महिन्यातून एकदा चार्ज करा, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवा. लिथियम बॅटरी बसवली असेल तर तिचा चार्जर वेगळाच लागतो.

सिलिंडरमध्ये ऑइल

हे काम दोन महिन्यांपेक्षा जास्त उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी. नवख्या माणसाने पहिल्या वेळी मेकॅनिकला शेजारी उभं करून ते करावं. थंड इंजिनातून स्पार्क प्लग काढा. प्लगच्या भोवतीची धूळ आधी फुंकून किंवा ब्रशने झाडून घ्या, नाहीतर ती आत पडते. चहाच्या चमच्याने एक चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडा. किल्ली बंद ठेवून दहा-बारा किक मारा. किक नसेल तर डबल स्टँडवर गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. ऑइल सिलिंडरच्या भिंतीवर पसरतं आणि पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटत नाहीत. प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा, शेवटीच प्लग पाना लावा. वाकडा बसला तर हेडचे आटे जातात.

बाहेरचा गंज, टायर, उंदीर

ज्या भागांवर रंग नाही त्यांना संरक्षण द्यायचं आहे. पुढच्या शॉकअपचे चमकणारे पाइप, सायलेन्सरचा बेंड पाइप, स्पोक, रिमच्या कडा, फूटरेस्ट, स्टँडची स्प्रिंग, नट-बोल्टांची डोकी. फडक्यावर थोडं इंजिन ऑइल किंवा गंजविरोधी स्प्रे घेऊन पातळ हात फिरवा. सरळ गाडीवर फवारू नका, कारण डिस्कवर, ब्रेक पॅडवर किंवा टायरवर एक थेंबही जाता कामा नये. ब्रेकला ऑइल लागणं हा थेट जिवाशी खेळ आहे. रंगवलेल्या भागाला वॅक्स लावा. किल्लीच्या भोकात, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरच्या पिनेत ऑइलचा एक-एक थेंब सोडा.

टायरमध्ये पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त हवा भरा. गाडी डबल स्टँडवर ठेवा. फक्त साइड स्टँड असेल तर पॅडॉक स्टँड, म्हणजे चाक उचलून धरणारा सुटा स्टँड, मिळतो का बघा. काहीच नसेल तर टायरखाली लाकडी फळी आणि स्टँडखाली लादीचा तुकडा ठेवा. सिमेंटच्या जमिनीला पावसाळ्यात घाम येतो, रबर त्या ओलीपासून वेगळं राहिलेलं बरं.

सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर त्याच्या तोंडात कोरडं फडकं घालून वर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधा. ओल तर थांबतेच, शिवाय कुंभारमाशी आत मातीचं घर करत नाही. हँडलला ठळक अक्षरांत चिठ्ठी अडकवा: ‘सायलेन्सर बंद आहे, बॅटरी काढली आहे’. तुमच्या मागे कुणी किल्ली लावलीच तर त्याला कळलं पाहिजे.

उंदीर हा आपल्या इमारतींमधला खरा प्रश्न आहे. एअर फिल्टरच्या डब्यात ते घर करतात आणि वायरिंग कुरतडतात. सीटखाली खाऊची रिकामी पाकिटं, फडकी, कागद काही ठेवू नका. डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बऱ्याच जणांना उपयोगी पडते, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. दर काही दिवसांनी कव्हर उचलून बघणं हाच खात्रीचा उपाय. ज्या गाडीला माणसाचा हात लागत राहतो तिच्यात उंदीर सहसा घर करत नाही.

सीट सहज निघत असेल तर काढून घरात ठेवा, रेक्झिनवर बुरशी येणार नाही. लेदरच्या बॅगा, हातमोजे, हेल्मेट हेही पंख्याच्या वाऱ्याच्या खोलीत. बंद कपाटात ठेवलेल्या हेल्मेटच्या अस्तराला ऑगस्टपर्यंत वास येतो.

कव्हर निवडताना ताडपत्री आणि जाड प्लॅस्टिक बाजूला ठेवा. जमिनीतून निघणारी वाफ त्याखाली कोंडते आणि गाडी चार महिने वाफेच्या डब्यात उभी असल्यासारखी राहते. स्टिल्टमध्ये पाऊस लागत नसेल तर जुनी सुती चादरही महागड्या वॉटरप्रूफ कव्हरपेक्षा सरस. शिंतोडे येत असतील तर वर झरोके असलेलं कव्हर घ्या आणि खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहू द्या.

कागदपत्रं

गाडी उभी आहे म्हणून विमा संपू देऊ नका. सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, त्यामुळे आपला विमा चालू आहे असं वाटत राहतं. पण पुराने किंवा चोरीने तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर थर्ड पार्टीतून काहीच मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेजचा भाग चालू असावा लागतो, आणि तो बहुधा दरवर्षी भरायचा असतो. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो. पुरासारखं संकट नेमकं गाडी उभी असतानाच येतं, तेव्हा तारीख मे महिन्यातच बघून ठेवा. पीयूसीची तारीखही टिपून ठेवा.

इतकं करूनही गाडी पाण्यात गेलीच, तर पाणी उतरल्यावर किल्ली लावू नका, स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी फोटो काढा, बॅटरी जागेवर असेल तर तिची वायर सोडवा, विमा कंपनीला कळवा, आणि गाडी टेम्पोतून गॅरेजला न्या.

मधल्या चार महिन्यांत

‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेवतो’ असं बरेच लोक अभिमानाने सांगतात. घरातली वडीलधारी मंडळीही तोच सल्ला देतात, काळजीपोटीच. पण त्याने गाडीचं नुकसान होतं. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापत नाहीत. जळणातून तयार झालेलं पाणी बाहेर न पडता आत साचतं, सायलेन्सरच्या तळात आणि ऑइलमध्येही. सेल्फ स्टार्टने जितकी वीज खर्च झाली, तितकी उभ्या गाडीच्या मंद फेऱ्यांवर भरूनही निघत नाही. दर आठवड्याला असं केलं तर तीन महिन्यांनी ऑइल दुधाळ दिसू लागतं आणि बॅटरीही उतरते. एकतर कोरडा दिवस बघून अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर अजिबात चालू करू नका. मधला मार्ग नाही. अधूनमधून चालवायचीच असेल तर बॅटरी काढू नका, सिलिंडरमध्ये ऑइल घालू नका, सायलेन्सर बांधू नका. पेट्रोल, चेन, टायर आणि कव्हर एवढं पुरे.

बंद ठेवलेल्या गाडीपाशी पंधरा दिवसांतून एकदा जा. उघडीप असेल तेव्हा कव्हर काढून दोन-तीन तास हवा लागू द्या. चाकं थोडी फिरवा म्हणजे टायर एकाच जागी दबणार नाही. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर दहा-बारा वेळा दाबा, क्लच प्लेट एकमेकींना चिकटत नाहीत. शॉकअपच्या पाइपावर तांबूस ठिपके दिसले तर ऑइलच्या फडक्याने लगेच पुसा. आठवड्यात पुसलेला ठिपका जातो, महिन्याचा ठिपका खड्डा करतो आणि तो खड्डा ऑइल सील फाडतो.

गाडी बाहेर काढताना

पाऊस परतायला ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो. बहुतेक जण खंडेनवमीच्या पूजेसाठी गाडी काढतात. त्याच्या चार दिवस आधी काम सुरू करा, पूजेच्या सकाळी नाही.

आधी सायलेन्सरचं फडकं काढा आणि एअर फिल्टरचा डबा उघडून घर केलंय का बघा. वायरिंगवर कुरतडल्याच्या खुणा शोधा. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुनं झालेलं पेट्रोल आंबूस, वार्निशसारखं वास मारतं. तसं असेल तर काढून टाका. ऑइलची पातळी, ब्रेकचा दाब, टायरची हवा बघा. जास्तीची भरलेली हवा कमी करा. बॅटरी पूर्ण चार्ज करूनच लावा.

सिलिंडरमध्ये ऑइल घातलं असेल तर किल्ली बंद ठेवून आधी काही किक मारा, मग चालू करा. पहिली काही मिनिटं निळसर धूर येईल, ते ऑइल जळत असतं. दहा मिनिटांनंतरही धूर तसाच राहिला तर मेकॅनिकला दाखवा. क्लच दाबूनही गाडी पुढे ओढत असेल तर प्लेट चिकटल्या आहेत. इंजिन बंद करून दुसऱ्या गियरमध्ये, क्लच दाबून धरून, गाडी पुढे-मागे ढकला, सुटतात.

डिस्कवर तांबूस पापुद्रा असेल तर घाबरू नका. सोसायटीच्या आवारात हळू चालवत सात-आठ वेळा ब्रेक लावले की तो निघतो. ड्रम ब्रेक मात्र पहिल्यांदा एकदम पकडू शकतो, तेव्हा पहिले ब्रेक सरळ आणि कोरड्या जागेवरच घ्या.

पहिल्याच रविवारी माळशेज किंवा कसारा घाटात नेऊ नका. आठवडाभर घराजवळच फिरवा. टाकी अर्धी झाली की ताजं पेट्रोल भरा, चेन पुन्हा साफ करून ल्यूब मारा, नट-बोल्ट आणि लाइट तपासा, शॉकअपच्या सीलमधून ऑइल गळत नाही ना ते बघा. पीयूसीची तारीख उलटली असेल तर आधी ती काढून घ्या, आणि मग घाटाला निघा.